मैदानं भरतायत, मग केबलवरची खेळांची चॅनेलं का बंद पडली?

विट्याच्या एका कबड्डी प्रशिक्षकांनी विचारलं आहे : "आमच्या लहानपणी केबलवर इथल्याच खेळांचं चॅनेल लागायचं. कुस्तीची मैदानं, कबड्डी, शाळांचा खो-खो, सगळं दिसायचं आणि घराघरात बघितलं जायचं. ते बंद का पडलं? मोबाइल आला म्हणून? आणि आता तसं काही पुन्हा उभं करता येईल का?"

सांगली जिल्ह्यात केबलचं काम मी ॲनालॉगच्या दिवसांपासून करतोय. त्यातली बरीच वर्षं खेळांच्या चॅनेलचं चित्रीकरण आणि प्रक्षेपण माझ्याकडं होतं. त्यामुळं उत्तर आधी देतो, कारणं मागून. प्रेक्षक आटले म्हणून ही चॅनेलं बंद पडली नाहीत. मोबाइलनं त्यांना मारलं हेही अर्धंच खरं, कारण मोबाइल पोचेपर्यंत ती अंथरुणाला खिळली होती. ज्या तारेवर ती चालत होती त्या तारेत काय सोडायचं, हे ठरवण्याचा हक्क गावातल्या केबलवाल्याच्या हातून गेला आणि त्याच्याबरोबर चॅनेल गेलं.

चॅनेल म्हटलं की लोकांना स्टुडिओ आठवतो. आमच्या कंट्रोल रूममध्ये एका रॅकवर डिशचे रिसीव्हर असत आणि प्रत्येकाला एक मॉड्युलेटर जोडलेला. आलेलं चित्र आणि आवाज ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चढवून तारेत सोडायचा, एवढंच त्या डब्याचं काम. रिसीव्हरची पिन काढून तिथं व्हीसीआरची पिन लावली की तुमचं चॅनेल तयार. फ्रिक्वेन्सीची जागा मोकळी असली की झालं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला भाडं द्यायचं नाही. १९९५ च्या केबल कायद्यानं नोंदणी आली, ती मुख्य टपाल कार्यालयात शुल्क भरून वर्षाच्या मुदतीची होती. तीही केबलवाल्याची. त्याच्या स्थानिक चॅनेलला वेगळा परवाना लागत नव्हता. प्रोग्राम कोड, म्हणजे काय दाखवू नये याचे सरकारी नियम, पाळायचे आणि काय दाखवलं त्याची वही ठेवायची. ही मोकळीक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

सुरुवातीला त्या जागेवर सिनेमे चालायचे. खेळ आले ते यात्रांच्या मागून. गावच्या यात्रेत कुस्त्या होणार, लग्नाचं शूटिंग करणारा गडी पॅनासॉनिकचा एम-७ किंवा एम-९००० खांद्यावर टाकून त्या उतरवणार आणि कमिटीची माणसं ती व्हीएचएस कॅसेट घेऊन थेट आमच्या दारात, "रात्री लावा की." गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता एशियाडला सुवर्ण. ही नावं घरातल्या थोरल्यांसारखी घेतली जातात अशा मुलखात कुस्तीसाठी प्रेक्षक शोधावा लागत नव्हता.

तरीही हौसेच्या कॅसेटीतून रोजचं चॅनेल उभं राहिलं ते डीटीएचच्या, म्हणजे घरावरच्या छत्रीतून थेट उपग्रहावरून येणाऱ्या टीव्हीच्या, भीतीनं. २००३ मध्ये डिश टीव्ही आलं, २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत डीडी डायरेक्ट प्लस, २००६ मध्ये टाटा स्काय. छत्रीचं चित्र स्वच्छ होतं आणि महिन्याला वसुलीचा पोरगा दारात येत नव्हता. ग्राहक धडाधड सुटायला लागले. पण उपग्रहाचं चित्र सगळ्या देशाला एकच जातं. तिथं कुंडलच्या मैदानाला जागा नाही. केबलवाल्याला आपली ताकद तेव्हा उमगली. वसुलीचा पोरगा दारात म्हणायला लागला, "काका, छत्री घ्या, पण कुंडलचं मैदान कुठं बघणार?" आणि काका थांबायचे. म्हणजे चॅनेलनं स्वतः पैसे कमवावेत अशी मालकाची अपेक्षाच नव्हती. कनेक्शन सुटू नयेत म्हणून ते ठेवलेलं होतं. २००४ ते २०१४ या दहा वर्षांत ही चॅनेलं भरात होती, ती या हिशेबावर.

त्या काळात आम्ही काय करत होतो हे थोडं विस्तारानं सांगतो, कारण आज पुन्हा उभं करायचं म्हटलं तर हेच कामाला येईल. कुस्तीचं मैदान दुपारी सुरू होतं आणि दिवे लागल्यावरही चालतं. आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या नेमलेल्या जोडी. आखाड्यात एका वेळी चार-पाच जोडी लागलेल्या असतात. मोठ्या स्पर्धेसारखं एका गादीवर कॅमेरा रोखून भागत नाही. कुठली कुस्ती आता निकाली होणार हे ज्याला आधी कळतं तोच ती पकडतो. आमचे चांगले कॅमेरामन हे तालमीत माती खाल्लेले होते. पाय कसा रोवला आहे यावरून ढाक डाव लागणार की घिस्सा, हे त्यांना दिसायचं. कॅमेऱ्याची माहिती आम्ही शिकवू शकत होतो, ही नजर शिकवता येत नव्हती. एक कॅमेरा मचाणावर, दुसरा हौद्याच्या कडेला. आवाज दोन ठिकाणांहून घ्यायचा : निवेदकाचा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आणि हलगी वेगळ्या माइकवर. दोन्ही एकाच माइकवर घेतलं की हलगी निवेदकाला गिळून टाकते.

शहरातली कबड्डी थेट दाखवायची तर ग्राउंडपासून जवळच्या अॅम्प्लिफायरपर्यंत वायर ओढायची, खालच्या फ्रिक्वेन्सीवरून चित्र उलट्या दिशेनं कंट्रोल रूमला आणायचं आणि तिथून शहरभर सोडायचं. पुढं फायबर आल्यावर हे सोपं झालं. सगळ्यात मोठी अडचण भारनियमनाची होती. रस्त्यावरचे अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या फीडरवरच्या विजेवर चालत. मधल्या एका वाडीची वीज गेली की तिच्या पुढची सगळी गावं अंधारात, मग त्या गावांत वीज असली तरी. म्हणून एकच मैदान तीन वेगवेगळ्या वेळांना लावायचो आणि या वेळा भारनियमनाच्या तक्त्यावरून ठरवायचो. लोकांना वाटायचं, एकच कार्यक्रम सारखा दाखवतात. प्रत्यक्षात प्रत्येक भागाला तो एकदाच धड दिसत होता.

पैसे कुठून यायचे? सराफ, बी-बियाण्यांची दुकानं, भडंगवाले, क्लासेस, दवाखाने आणि सगळ्यांत जास्त पडद्याच्या खालच्या पट्टीवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ही पट्टी अनेक चॅनेलांचा पगार भागवत होती. जाहिरात लावणाऱ्यानं "किती घरांत दिसतं?" असं विचारलं तर मात्र छापील उत्तर नव्हतं. पे चॅनेलवाल्यांना आणि करमणूक कराच्या खात्याला कनेक्शनचे आकडे कमी सांगण्याची या धंद्यात सर्रास रीत होती. खरा आकडा कागदावर येऊच द्यायचा नाही म्हटल्यावर जाहिरातदाराला तरी तो कसा दाखवणार? त्यामुळं मोठ्या कंपन्यांची जाहिरात या चॅनेलांकडं कधी वळली नाही. मी याला पायातला मूळ दोष मानतो. प्रेक्षक होते, पण त्यांचा पुरावा नव्हता.

मग डिजिटल आलं. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली. ऑक्टोबर २०१२ अखेर चार महानगरं, मार्च २०१३ अखेर पुणे-सोलापूर धरून ३८ शहरं सेट टॉप बॉक्सवर न्यायची मुदत होती. सांगली, मिरज, सातारा, कराड ही तिसऱ्या टप्प्यात, खेडी चौथ्या. डिजिटलमुळं चित्र सुधारलं, ग्राहकाचा फायदा झाला, हे मी खुल्या मनानं सांगतो. पण आता प्रत्येक चॅनेल कूटबद्ध होऊनच बॉक्सपर्यंत जायला हवं होतं. त्यासाठी लागणारा हेडएंड, म्हणजे सगळी चॅनेलं गोळा करून तारेत सोडणारं केंद्र, आणि ग्राहकांची नोंद ठेवणारी यंत्रणा तालुक्याच्या केबलवाल्याला परवडणारी नव्हती. तो मोठ्या एमएसओला, म्हणजे गावोगावच्या केबलवाल्यांना चॅनेलं पुरवणाऱ्या कंपनीला, जोडला गेला. हेडएंड दुसऱ्या शहरात, आमच्याकडं फक्त फायबरचं टोक. मॉड्युलेटर लावून तारेत काही सोडलं तरी बॉक्सला ते दिसणारच नाही.

मग विट्याचा सामना विट्यात दाखवण्यासाठी त्याचं चित्र आधी परगावच्या हेडएंडला पाठवायचं, तिथं कूटबद्ध करायचं आणि परत आणायचं, असा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. वर त्या जागेचं भाडं. जिल्ह्यातली गावं वेगवेगळ्या एमएसओंकडं वाटली गेली होती, त्यामुळं पूर्वी शेजारच्या केबलवाल्याला रस्त्यापलीकडून एक वायर देऊन जे काम व्हायचं त्याला आता प्रत्येकाकडं वेगळं भाडं पडू लागलं. बॉक्सवरचा नंबरही शेवटच्या पानावर. म्हातारी माणसं रिमोट घेऊन तिथवर जातच नाहीत. मालकाचा जुना हिशेबही संपला. ग्राहक टिकवायला चॅनेल हवं, पण ग्राहक आता एमएसओच्या यंत्रणेत नोंदलेला. मग त्याच्यासाठी कॅमेरामनचा पगार आपण का द्यायचा?

हे सगळं ज्या महिन्यांत घडलं ते महिनेही वाईट होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा फुकट झाला. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. आमचे जाहिरातदार रोखीवर चालणारे दुकानदार. त्यांनी सगळ्यांत आधी पट्टी थांबवली. तिसऱ्या टप्प्याची मुदत ३१ जानेवारी २०१७ ला संपली, चौथ्याची ३१ मार्चला. १ जुलैला जीएसटी. वर्षभराच्या आत एवढं सगळं. तरीही जी चॅनेलं तगली त्यांना १ फेब्रुवारी २०१९ पासूनच्या ट्राय या सरकारी नियामकाच्या नव्या दररचनेनं गाठलं. पहिल्या १०० चॅनेलांसाठी १३० रुपये आणि वर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे हा पाया ठरला. पे चॅनेलचे पैसे त्याहून वेगळे. केबलवाल्याच्या वाट्याला येणारी रक्कम अशी बांधली गेली की हौसेनं काही चालवायला हातात उरलंच नाही.

प्रो कबड्डीमुळं स्थानिक कबड्डीचे प्रेक्षक पळाले, असं बरेच जण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिल्याच मोसमापासून सांगली जिल्ह्याचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीकडून खेळताना दिसला, तेव्हा आमच्या कबड्डीच्या रात्रींना मागणी वाढली. लोक तिसऱ्या चढाईला 'डू ऑर डाय' ओरडायला लागले. गावच्या मंडळांनी मॅट आणल्या. प्रेक्षकांना पडद्यावर तीस सेकंदांचं घड्याळ हवं झालं, ते आम्ही दिलंही. मोठ्या वाहिनीनं खेळाची गोडी वाढवली. आमची वाट तोडली ती खेळानं नव्हे, तारेनं.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही, म्हणून एक लांबचा दाखला देतो. अमेरिकेत शहराशहराच्या संघांसाठी प्रादेशिक क्रीडा वाहिन्या असतात. ह्युस्टनमध्ये ऑक्टोबर २०१२ ला कॉमकास्टनं तिथल्या बेसबॉल आणि बास्केटबॉल संघांच्या भागीदारीत अशी वाहिनी काढली. संघ घरचे, प्रेक्षक घरचे. पण इतर केबल आणि डिश कंपन्यांशी दराचं जमलं नाही. त्यामुळं शहरातल्या बहुसंख्य घरांत ती दिसलीच नाही. २०१३ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं आणि २०१४ च्या अखेरीस ती वाहिनी दुसऱ्या मालकाकडं दुसऱ्या नावानं गेली. पुढं अशा अनेक वाहिन्या चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स कंपनीनंही मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण लोक केबल सोडत होते आणि संघांना द्यायचे पैसे मात्र ठरलेले होते. कोट्यवधी डॉलर ओतणाऱ्यांनाही घरापर्यंतची वाट दुसऱ्याच्या हातात असण्याचं भोवलं.

आता नुकसान काय झालं ते सांगतो, कारण माझ्या मते याकडं फार कमी लोक बघतात. मोठी मैदानं आजही दिसतात. यूट्यूबवर कुस्ती लाइव्ह असते. बैलगाडी शर्यतींचं तर विचारू नका. २०१४ ची बंदी उठून डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा कायम केला, तेव्हापासून पुसेगावसारख्या ठिकाणचे गट, सेमी, फायनल लोक दिवसभर मोबाइल हातात धरून बघतात. गेलं ते छोट्या खेळांचं दिसणं. चॅनेलला चोवीस तास भरायचे असत. मंगळवारी दुपारी दाखवायला काही नसायचं, म्हणून आम्ही तालुका पातळीवरचा मुलींचा खो-खो दाखवायचो, शालेय मैदानी स्पर्धा दाखवायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरींची कबड्डी दाखवायचो. ती रिकामी वेळच या पोरांची संधी होती. कुणाच्या तरी आजीनं नात टीव्हीवर बघितली आणि घरचा खेळाला असलेला विरोध गेला, असं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. यूट्यूबला रिकामी वेळ नसते. तिथं ज्याला आधीच पाहणारे आहेत तेच पुढं येतं.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. सांगलीच्या पानटपरीवाल्याचा मुलगा संकेत सरगर २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य घेऊन आला. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीचं रौप्य मिळवलं. सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत खेळाडू कमी नाहीत. अशी माणसं नावारूपाला येण्याआधी ज्या मैदानांवर खेळतात, तिथं नेमानं जाणारा कॅमेरा आता नाही.

पुन्हा उभं करता येईल का? जुन्या अर्थानं चॅनेल काढायला माझा सल्ला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारनं एमएसओंच्या स्थानिक चॅनेलांसाठी नियम केले. त्यांना प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. प्रत्येक चॅनेलची नोंदणी एक हजार रुपयांत होते आणि जिल्हा पातळीवर पाच जादा चॅनेलांची मुभा आहे, ही चांगली गोष्ट. पण तिथलं चित्रण त्या एका एमएसओपुरतंच ठेवावं लागतं, दुसऱ्याला देता येत नाही. देवस्थानांच्या थेट चित्रणाला यातून सूट आहे, कुस्तीच्या मैदानाला नाही. अर्धा तालुका एकाकडं आणि अर्धा दुसऱ्याकडं असताना या अटीवर खेळाचं चॅनेल चालत नाही. खेळांच्या थेट चित्रणालाही अशी सूट मिळावी, ही मागणी आपल्या जिल्ह्यांच्या क्रीडा संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.

तोवर चित्रीकरणाचं पथक उभं करा, चॅनेल नको. प्रशिक्षक म्हणून तुमच्याकडं जे आहे ते कंपन्यांकडं नाही : खेळ कळणारी पोरं. त्यांच्या हातात कॅमेरा द्या. आयोजकांशी कागद करा. चित्रणाचा हक्क कुणाचा, किती वर्षांचा, तुकडे कोण वापरू शकतो, हे साध्या मराठीत लिहून दोघांच्या सह्या. आमच्या वेळी सगळं तोंडी होतं, म्हणून यूट्यूब आल्यावर जुन्या चित्रणावर कुणाचाच दावा टिकला नाही. मैदानावर माणसं दाटली की मोबाइलचं नेटवर्क बसतं, त्यामुळं सिमकार्डावर भरवसा ठेवू नका. गावातल्या केबलवाल्याला गाठा. त्याचं फायबर आता ब्रॉडबँडसाठी गल्लोगल्ली गेलेलं आहे, तिथून ग्राउंडवर एक लाइन घ्या. पाच-सहा एमबीपीएसचा न तुटणारा अपलोड पुरतो. दोन सामन्यांच्या मध्ये साउंडवाला सिनेमाची गाणी वाजवत असेल तर तो आवाज तुमच्या लाइव्हमध्ये जाऊ देऊ नका. संगीत कंपनीचा दावा येतो आणि उत्पन्न तिकडं वळतं किंवा आवाज बंद होतो. हलगी-घुमक्याला असली काही भीती नाही, ती भरपूर ऐकवा. आणि मोठ्या मैदानातून मिळालेल्या पैशांतला ठरलेला भाग मुलींच्या आणि शालेय सामन्यांसाठी बाजूला काढा. बघणारे कमी असले तरी ते सामने चुकवू नका.

शेवटचं काम घाईचं आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी चढलं तेव्हा तळमजल्यावर ठेवलेल्या आमच्या बऱ्याच कॅसेटी भिजल्या आणि पुन्हा न होणाऱ्या कुस्त्या त्यांच्याबरोबर गेल्या. पण प्रत्येक तालुक्यात जुन्या फोटो स्टुडिओत, मंडळाच्या कपाटात, बंद कंट्रोल रूमच्या माळ्यावर व्हीएचएस आणि मिनी-डीव्हीच्या कॅसेटी अजून पडून आहेत. त्या गोळा करा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरला लावू नका, हेड खराब होतो आणि फीतही खरवडली जाते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. मिनी-डीव्ही फायरवायरची जोडणी असलेल्या जुन्या कॅमेऱ्यातून संगणकावर जशीच्या तशी उतरते. व्हीएचएससाठी चालू स्थितीतला व्हीसीआर मिळणं दिवसेंदिवस अवघड होत आहे. उतरवल्यावर प्रत्येक फाइलला गाव, तारीख आणि जोड लिहा. मल्लांची नावं ओळखायला गावातल्या जुन्या वस्तादांना शेजारी बसवा.